जुन्या जीन्सचा कोट शिवायला टाकताय? जीन्स अख्खी आणा

पोळा झाला की दुकानात जुन्या जीन्सच्या पिशव्या यायला लागतात आणि त्यांच्यासोबत तेच ते प्रश्नही येतात. किती जीन्स लागतील, जुन्याच कापडाला एवढी शिलाई कशी, दिवाळीपर्यंत मिळेल का. बाजाराच्या दिवशी गर्दीत प्रत्येकाशी नीट बोलणं होत नाही, म्हणून हे पत्रक छापलं. पिशवी भरण्याआधी एकदा वाचा.

सगळ्यात आधी एक विनंती. जीन्स घरी कापू नका.

बरेच जण आमचं काम हलकं करावं म्हणून घरीच कात्री चालवतात. शिवणीच्या कडेकडेने पाय कापतात, कंबरपट्टी वेगळी करतात, घुडघ्याशी फाटलेली असेल तर तिथून दोन तुकडे करतात आणि घडी घालून आणतात. त्यामागे आमची काळजीच असते, हे आम्हाला कळतं. पण अख्ख्या जीन्सपेक्षा अशा तुकड्यांचा कोट करायला जास्त वेळ लागतो, आणि एवढं करून तो तितका चांगला उतरत नाही. तो वेळ नेमका कुठे जातो ते सांगतो.

जीन्सच्या पायाला दोन शिवणी असतात. बाहेरची शिवण बहुतेक जीन्समध्ये साधी, आतून ओव्हरलॉक केलेली (कडेचे धागे सुटू नयेत म्हणून दोऱ्याने गुंफलेली) असते. मांड्यांच्या आतल्या बाजूची शिवण दुहेरी टिपेची असते आणि तिच्यात दोन्हीकडचं कापड एकमेकांत दुमडून दाबलेलं असतं. आम्ही फक्त ही आतली शिवण उसवतो. बाहेरची तशीच ठेवतो, कारण ती बरीचशी सरळ असते आणि तिच्यासकट पाय टेबलावर सपाट पसरतो. आतली शिवण उसवली की दुमडीतलं सगळं कापड मोकळं होतं. दोन्ही बाजू मिळून ते इंच-दीड इंच भरतं. कात्रीने शिवण छाटली की तेवढं कापड कचऱ्यात जातं.

इंच-दीड इंचाने काय होतं, असं वाटेल. ४० छातीच्या माणसाचा कोट आम्ही तयार ४६ इंच ठेवतो, म्हणजे आत स्वेटर मावतो. त्याचे चार भाग केले तर एका भागाला साडेअकरा इंच आणि शिलाईची माया (शिवणीत जाणारं जादा कापड) धरून साडेबारा इंच लागतात. जीन्सचा एक पाय उघडला की मांडीजवळ साधारण २३ इंच रुंदी मिळते, तिथे अडचण नसते. अडचण खाली मोहरीला, म्हणजे पायाच्या खालच्या तोंडाला येते. हल्लीच्या चिकटून बसणाऱ्या जीन्सची मोहरी तेरा-चौदा इंचांचीच असते. त्यातून दीड इंच गेला की साडेबारा इंच बहुतेकदा बसत नाहीत आणि कोटाच्या खालच्या घेराला जोड द्यावा लागतो. चारही भागांना चार जोड. जोड म्हणजे आणखी शिवण, आणखी जाडी आणि चालताना मांडीला घासणारी कडक रेघ.

घुडघ्याशी कापलेली जीन्स आली तर बाहीची पंचाईत होते. बाही २४ इंचांची लागते आणि हातात येतात चौदा-पंधरा इंचांचे तुकडे. अख्खा पाय असला की बाही त्यात जशीच्या तशी बसते. वर रुंद, खाली निमुळती, आणि जीन्सची मूळ मोहरीच मनगटाची कड होते. ती मोहरी वापरून वापरून मऊ झालेली असते, नवीन दुमड घालून तसा मऊपणा येत नाही. म्हणून घुडघा फाटला असेल तर फाटलेलाच राहू द्या. आतून अस्तराचा तुकडा लावून आम्ही त्यावर रफू करतो आणि तो भाग बाहीच्या कोपराशी येईल असा बेततो.

दुसरी गोष्ट उभ्या धाग्याची आहे आणि कोटाचं खरं आयुष्य तिच्यावर ठरतं. डेनिममध्ये उभा धागा निळीत रंगवलेला असतो आणि आडवा पांढरा, म्हणूनच जीन्स आतून फिकट दिसते. विणताना आडवा धागा तीन उभ्या धाग्यांखालून आणि एकावरून जातो, त्यामुळे कापडावर तिरप्या रेघा उमटतात. या तिरप्या विणीचं कापड धुतल्यावर एका बाजूला पीळ खातं. जुन्या जीन्सची बाहेरची शिवण पोटरीवर पुढे सरकलेली तुम्ही पाहिली असेल, ती त्यामुळेच. पाय अख्खा असला की शिवणीवर शिवण ठेवून घडी घालायची, ती घडी म्हणजे उभ्या धाग्याची रेघ, आणि पीळ किती पडलाय तेही तिथेच दिसतं. तुकडा झाला की हा खुणेचा आधारच जातो. मग प्रत्येक तुकड्याच्या कडेचे धागे ओढून निळा कुठला, पांढरा कुठला ते पाहावं लागतं, खडूने रेघ मारावी लागते, आणि त्या रेघेवर बेतलं की तुकडा हमखास अपुरा पडतो. घाईत तिरपा बेतला तर दोन धुण्यांतच कोटाचा एक पल्ला लोंबायला लागतो आणि बटणं काजांच्या समोर येत नाहीत. असा कोट आम्ही देत नाही, म्हणून तुकड्यांच्या कोटाला जोडांची जादा शिलाई घेतो. मनात शंका नको म्हणून ती खाली लिहिली आहे.

ब्लेडने उसवून आणणाऱ्यांनाही हेच सांगणं आहे. ब्लेड दोऱ्याबरोबर कापडालाही लागतं, आणि शिवणीलगतचं बारीक छिद्र शिवताना दिसत नाही, ताण बसला की उघडतं. जीन्सच्या बऱ्याच शिवणी साखळी टाक्याच्या असतात. योग्य टोक सापडलं की सगळा दोरा एका ओढीत सरसर निघतो आणि कापडाला ओरखडाही पडत नाही. चुकीच्या टोकाने ओढलं तर तोच टाका गच्च बसतो. टोक ओळखायला सोपं आहे. घरी उसवायची हौस असेल तर दुकानात या, आमच्या शिलाईच्या बाया शिकवतील, त्याचे पैसे नाहीत. नीट उसवून आणलेल्या जीन्सवर शिलाईत सूटही देतो.

दुमडीतल्या कापडाला ऊन लागलेलं नसतं, घासही लागलेली नसते. निळीचा रंग धाग्याच्या गाभ्यापर्यंत जात नाही, वरवर बसतो, म्हणून घासेल तिथे जीन्स पांढरी पडते आणि शिवणीच्या आत पहिल्या दिवसाइतकी गडद राहते. उसवलेल्या पायाच्या कडेला ती गडद पट्टी निघते. कोटाच्या पुढच्या पल्ल्यांवर आम्ही ती मुद्दाम समोर ठेवतो. अशी नक्षी विकत मिळत नाही, आणि कात्रीने सगळ्यात आधी तीच जाते.

आता बाकीचं थोडक्यात.

मोठ्या माणसाच्या कमरेखालपर्यंतच्या कोटाला तीन जीन्स लागतात. दोन अंगाला, एक बाह्यांना, आणि उरलेल्यात कॉलर व पट्ट्या निघतात. घुडघ्यापर्यंतचा हवा असेल तर चार. दहा वर्षांपर्यंतच्या लेकराला दोन मोठ्या जीन्स पुरतात. सगळ्यांचा रंग एकसारखा असण्याची गरज नाही. फिकट आणि गडद मिसळून कोट उलट छान दिसतो, फक्त जाडी सारखी असावी. जाड आणि पातळ डेनिम एकाच शिवणीत आलं की पातळ बाजू फाटते.

ताणणाऱ्या जीन्स वेगळ्या ठेवा. आतल्या पट्टीवर कापसाबरोबर इलास्टेन, स्पँडेक्स किंवा लायक्रा लिहिलेलं असेल तर ती ताणणारी. पट्टी नसेल तर मांडीजवळ आडवी ओढून पाहा. असं कापड साध्या डेनिमला जोडलं की शिवण लाटांसारखी उठते. खिसे आणि आतल्या पट्ट्यांना ते चालतं, अंगाला आणि बाह्यांना नाही. तीनही जीन्स ताणणाऱ्या असतील तर तसाच सगळा कोट शिवता येतो, पण तो थंडीत वावरात वापरायचा नाही, गावाला जाताना घालायचा.

धुऊन आणा. खळ देऊ नका. काळ्या मातीचा चिखल सुकलेला असेल तर आधी झटका, मग भिजवा. ट्रॅक्टरचं ऑइल किंवा ग्रीस लागलं असेल तर ते कुठे लागलंय एवढं सांगा, त्या जागी आम्ही खिसा घेतो. मीठ टाकून भिजवल्याने निळीचा रंग पक्का होत नाही, तो खटाटोप करू नका. गडद जीन्स घरीच दोन-तीनदा वेगळी धुवा. ओला पांढरा फडका घासून निळा झाला नाही की ती अस्तराशी शिवायला तयार झाली. खिशाच्या कोपऱ्यांवरचे तांब्याचे रिव्हेट काढू नका. १८७३ मध्ये जेकब डेव्हिस आणि लेव्ही स्ट्रॉस यांनी अमेरिकेत त्यांचं पेटंट घेतलं, ते खिसे फाटू नयेत म्हणून. तुम्ही पकडीने उपटलेत तर जागेवर भोक राहतं. मशीनची सुई त्यांच्यावर पडली तर मोडते, म्हणून कुठला रिव्हेट ठेवायचा आणि कुठला काढायचा ते आम्ही बेतल्यावर ठरवतो.

अस्तराबद्दल स्पष्ट बोलायला हवं. डेनिम वारा अडवतं, ऊब देत नाही. ऊब अस्तरातून येते. शहरात मिरवायला पातळ अस्तर चालेल. पण आमचे निम्म्याहून जास्त कोट जागलीला, म्हणजे रात्री पिकाच्या राखणीला, आणि रात्रीच्या ओलिताला जातात. शेतीची वीज रात्रीची असली की हरभऱ्याला, गव्हाला पाणी द्यायला रात्रीच जावं लागतं, आणि डिसेंबरातला विदर्भ काय असतो ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. नागपुरात २९ डिसेंबर २०१८ ला पारा ३.५ अंशांवर उतरला होता, उघड्या वावरात पाण्याच्या ओल्या दांडाशी (पाटाशी) उभं राहणाऱ्याला तर त्याहून बोचतं. अशा कोटाला जुन्या कांबळीचं किंवा सुती लुगड्याच्या दोन-तीन पदरांचं अस्तर लावा. लुगडं घरातलंच आणा, पण तेही न फाडता आणा. जागलीच्या कोटाला आम्ही छातीशी आत मोबाइलचा खिसा आणि उजव्या बाजूला बॅटरीचा लांब खिसा देतो, त्याचे वेगळे पैसे घेत नाही. एक सांगून ठेवतो, डेनिम दवाने भिजलं की जड होतं आणि लवकर वाळत नाही. घरी आल्यावर कोट खुंटीला गोळा करून टांगू नका, उलटा करून पसरवा.

शिलाईचा दर. कमरेखालपर्यंतचा कोट, साध्या अस्तरासह, १,१०० रुपये. घुडघ्यापर्यंत १,४००. लेकरांचा ६००. घरच्या लुगड्याचं किंवा कांबळीचं अस्तर असेल तर १०० रुपये कमी. कापलेल्या तुकड्यांचा कोट असेल तर जोडांप्रमाणे १५० ते ३०० रुपये जास्त. नीट उसवून आणल्यास १०० रुपये सूट.

एवढ्या पैशांत तयार जॅकेट मिळतं, असं काही जण म्हणतात. मिळतं, आणि ज्यांना ते परवडतं त्यांनी जरूर घ्यावं. पण तयार जॅकेटचं कापड बहुतेक वेळा पातळ असतं आणि माप दुसऱ्या कुणाचं. आमच्या कोटाच्या दरात साधं अस्तर सोडलं तर कापडाचा एक रुपया नाही, बाकी सगळी हातांची मजुरी आहे. उसवणं, इस्त्री, धागा पाहणं, बेतणं, जाड सुईने सावकाश टीप मारणं. शिवण जिथे चार पदरी होते तिथे मशीनचं चाक हाताने फिरवावं लागतं. आपल्या वावरातला कापूस गठाणींतून बाहेर जातो आणि जीन्स होऊन पुन्हा आपल्याच बाजारात येतो. त्या कापडाची अजून पाच-दहा वर्षं बाकी असताना ते पोतेरं म्हणून घरात पडावं, हे आम्हाला पटत नाही. म्हणूनच हे काम सुरू केलं.

वेळेचंही सांगून ठेवतो. दसऱ्याच्या आत जीन्स आणून दिल्या तर दिवाळीपर्यंत कोट मिळतो. सीतादही (कापूस वेचणीआधीची वावरातली पूजा) होऊन वेचणी सुरू झाली की आमचं काम मंदावतं, कारण शिलाईला बसणाऱ्या बायांच्या घरीही कापूस असतो. त्यानंतर आलेल्या कामाला महिनाभर धरा. दारव्हा, दिग्रस, नेरकडून येणाऱ्यांनी बाजाराचा दिवस सोडून यावं, म्हणजे माप शांतपणे घेता येतं. मापाला स्वतः या. भाऊ माझ्यासारखाच आहे म्हणून भावाचं माप चालत नाही. जागलीचा कोट असेल तर आत जो स्वेटर घालता तो घालूनच या.

पिशवीत टाका : धुतलेल्या अख्ख्या जीन्स, त्यातली एखादी शंकेची असली तरी ती, अस्तराचं लुगडं किंवा कांबळ, आणि एखादं जुनं शर्ट किंवा जॅकेट ज्याचा खांदा तुम्हाला नीट बसतो. जीन्स आम्ही तुमच्यासमोर उघडून पाहतो आणि कुठली चालेल, कुठली नाही ते तिथेच सांगतो. न चाललेली परत घेऊन जा, किंवा ठेवलीत तर तिची बाजाराची पिशवी ६० रुपयांत शिवून देतो. अर्धे पैसे जीन्स देताना, अर्धे कोट घालून पाहिल्यावर.