स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर किरणोपचार कधी सुरू करावेत?

स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया होते, टाके निघतात, रुग्ण घरी येते आणि घरच्यांना दोन शंका एकदमच छळू लागतात. गाठ पूर्ण निघाली असेल तर आता शेक, म्हणजे किरणोपचार, कशाला, ही एक. आणि शेक द्यायचाच असेल तर डॉक्टर थांबले कशासाठी, ही दुसरी. दोन्ही शंका रास्त आहेत आणि उपचाराच्या वेळापत्रकाचे सारे शास्त्र त्यांच्या उत्तरांत सामावलेले आहे.

शस्त्रक्रियेत गाठ आणि तिच्याभोवतीचा थोडा निरोगी दिसणारा भाग काढला, तरी सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसणार नाहीत अशा काही कर्कपेशी मागे राहण्याची शक्यता उरते. शेतातली हरळी खणून काढली तरी मातीत राहिलेल्या मुळीच्या तुकड्यातून ती पुन्हा फुटते, तसेच हे आहे. अमेरिकेत डॉ. बर्नार्ड फिशर यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या चाचणीचे वीस वर्षांचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. केवळ गाठ काढलेल्या स्त्रियांपैकी ३९ टक्के जणींच्या त्याच स्तनात कर्करोग परतला होता. गाठ काढून किरणोपचारही घेतलेल्या स्त्रियांत हे प्रमाण १४ टक्के होते. म्हणूनच स्तन राखून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर किरणोपचार हा बहुतेक स्त्रियांच्या बाबतीत उपचाराचा अविभाज्य भाग मानला जातो. संपूर्ण स्तन काढला असेल, तर काखेतील ग्रंथींत रोग पोहोचला होता का, गाठ किती मोठी होती, यावर निर्णय ठरतो.

आता थांबण्याचे कारण. किरणे पेशींमधील डीएनए तोडतात आणि विभाजन होत असलेल्या पेशींना त्यांची झळ अधिक लागते. ताजी जखम भरून येते तीदेखील पेशींच्या विभाजनानेच: नव्या सूक्ष्म रक्तवाहिन्या तयार होतात, त्वचेच्या कडा जुळतात, आत नवा तंतुमय भाग विणला जातो. हे काम चालू असताना किरणे दिली तर जखम चिघळण्याचा, उकलण्याचा धोका वाढतो. गाठ काढलेल्या पोकळीत सुरुवातीला द्रव साठतो आणि ती पोकळी पहिल्या काही आठवड्यांत आकाराने बदलत राहते; त्या अवस्थेत किरणांचा आराखडा आखला, तर प्रत्यक्ष उपचाराच्या वेळी तो चुकीच्या मापाचा ठरू शकतो. शिवाय काढलेल्या भागाच्या कडा कर्कपेशींपासून मुक्त आहेत की नाहीत, हे पॅथॉलॉजीच्या अहवालातूनच कळते. कडेवर रोग सापडला तर बऱ्याचदा पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते, आणि ती किरणोपचारांच्या आधीच झालेली बरी.

एक कारण मात्र रुग्णांना फारसे कोणी समजावून सांगत नाही, ते म्हणजे हाताची हालचाल. आराखड्यासाठी सीटी स्कॅन करताना रुग्णाला एका तिरप्या फळीवर उताणे झोपवून हात डोक्याच्या वर नेऊन आधारावर टेकवायला सांगतात. त्या स्थितीत त्वचेवर बारीक खुणा केल्या जातात आणि पुढे रोजच्या उपचाराच्या वेळी हात नेमका तसाच ठेवावा लागतो. काखेतील ग्रंथी काढल्यानंतर खांदा आखडतो; दुखेल या भीतीने अनेक स्त्रिया हात अंगाशी धरून ठेवतात, आणि मग जखम पूर्ण भरलेली असूनही केवळ हात वर जात नाही म्हणून सीटी स्कॅन पुढे ढकलावा लागतो. भिंतीवर बोटे चालवत हात हळूहळू वर नेण्याचा व्यायाम शस्त्रक्रियेनंतर शिकवतात, तो डॉक्टरांच्या सल्ल्याने वेळेवर सुरू करणे हा किरणोपचार वेळेवर सुरू करण्याचाच एक भाग आहे, असे मी आग्रहाने म्हणेन.

या सगळ्याला साधारण तीन ते सहा आठवडे लागतात. त्यापुढे किती थांबता येईल, याचे उत्तर अधिक अवघड आहे, कारण निम्म्या स्त्रियांचे उपचार मुद्दाम लांबवून निकाल पाहणारी चाचणी कोणी नीतीला धरून करू शकत नाही. झालेल्या उपचारांच्या नोंदींवरूनच अंदाज बांधावा लागतो. कॅनेडियन संशोधकांनी २००३ मध्ये अशा अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. आठ आठवड्यांच्या आत किरणोपचार सुरू झालेल्या स्त्रियांत पाच वर्षांत त्याच भागात रोग परतण्याचे प्रमाण ५.८ टक्के होते, तर नऊ ते सोळा आठवड्यांनी सुरू झालेल्यांत ९.१ टक्के. पुढे २०१० मध्ये अमेरिकेतील ६५ वर्षांवरील आणि केमोथेरपी न घेतलेल्या अठरा हजारांहून अधिक स्त्रियांच्या नोंदी तपासल्या गेल्या. सहा आठवड्यांनंतर सुरुवात झालेल्यांत धोका थोडा अधिक दिसला. मात्र अमुक दिवसापर्यंत निर्धास्त राहावे, अशी लक्ष्मणरेषा त्यात सापडली नाही. धोका हळूहळू चढत जातो. म्हणून केमोथेरपी द्यायची नसेल, तर जखम भरताच, शक्यतो आठ आठवड्यांच्या आत, सुरुवात करण्याकडे डॉक्टरांचा कल असतो.

केमोथेरपी द्यायची असेल, तर हिशेब बदलतो. बॉस्टनमध्ये २४४ स्त्रियांवर झालेल्या चाचणीत काहींना आधी केमो आणि काहींना आधी किरणोपचार देण्यात आले. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत, आधी केमो घेतलेल्यांत पाच वर्षांत शरीरात दूरवर रोग पसरण्याचे प्रमाण २५ टक्के, तर आधी किरणोपचार घेतलेल्यांत ३६ टक्के होते. दीर्घकाळ पाहिल्यावर हा फरक पुसट झाला, तरी आधी केमो आणि ती संपल्यावर तीन-चार आठवड्यांनी किरणोपचार, हा क्रम रूढ झाला. जिवाला खरा धोका यकृत, फुप्फुस किंवा हाडांत पोहोचणाऱ्या पेशींचा असतो, आणि केमो मागे राहिलेल्या स्थानिक पेशींवरही काही प्रमाणात काम करते. त्यामुळे शस्त्रक्रियेनंतर पाच-सहा महिन्यांनी किरणोपचार सुरू होणे, हे केमो घेणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत हयगयीचे लक्षण नाही. केमो शस्त्रक्रियेपूर्वीच पूर्ण झाली असेल, तर मात्र हे कारण उरत नाही आणि दिवस पुन्हा शस्त्रक्रियेपासूनच मोजायचे. आपल्याकडे मोठ्या गाठी असलेल्या अनेक रुग्णांना आधी केमो देतात, त्यांनी हा भेद लक्षात ठेवावा.

थांबण्याचा काळ शून्यावर आणून पाहण्याचा प्रयत्नही झाला आहे. इटलीतील मिलान येथे शस्त्रक्रिया चालू असतानाच, गाठ काढलेल्या जागी २१ ग्रे (किरणमात्रा मोजण्याचे एकक) एवढी किरणमात्रा एकदाच देण्यात आली. पाच वर्षांनी त्या गटात ४.४ टक्के स्त्रियांच्या स्तनात रोग परतला. नेहमीच्या पद्धतीने संपूर्ण स्तनाला किरणे दिलेल्या गटात ०.४ टक्के. घाई केली, पण किरणे थोड्याच जागेला मिळाली.

मला चिंता वाटते ती रिकाम्या जाणाऱ्या आठवड्यांची. केमोत गेलेले चार महिने आणि यंत्राच्या प्रतीक्षायादीत, राहण्याच्या सोयीच्या शोधात किंवा कागदपत्रांच्या फेऱ्यांत गेलेले चार महिने दिनदर्शिकेवर सारखे दिसतात, शरीराच्या दृष्टीने ते सारखे नाहीत. किरणोपचाराची यंत्रे प्रामुख्याने मोठ्या शहरांत आहेत. विदर्भ-मराठवाड्यातून परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात येणाऱ्या कुटुंबाला मुंबईत आठवडेच्या आठवडे राहण्याची सोय करावी लागते. पूर्वी पाच आठवड्यांत २५ वेळा दिला जाणारा उपचार आता पुष्कळ ठिकाणी तीन आठवड्यांत १५ वेळा देतात, आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीनंतर निवडक रुग्णांना एका आठवड्यात पाच वेळा देऊनही काम भागते. आपल्याला कोणता पर्याय लागू आहे, हे सुरुवातीलाच विचारावे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत किरणोपचारांचा समावेश आहे. तिची कागदपत्रे आणि किरणोपचार विभागाची पहिली भेट या दोन्ही गोष्टी जखम भरत असतानाच होऊ शकतात, त्यासाठी टाके निघण्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

एखाद्या स्त्रीच्या बाबतीत उशीर झालाच असेल, सहा-आठ महिने असेच निघून गेले असतील, तरी आता जाऊन काय उपयोग असे म्हणून घरी बसू नये. अशा वेळी डॉक्टर पुन्हा तपासणी करतात, गरजेनुसार मॅमोग्राफी आणि इतर स्कॅन करून रोग परतलेला नाही याची खात्री करतात, आणि त्यानंतर किरणोपचार द्यायचे की नाही हे ठरवतात. धोका हळूहळू चढतो, याचा अर्थ उशिरा सुरू केलेल्या उपचारातही लाभाचा काही अंश शिल्लक असू शकतो. तो किती, हे त्या रुग्णाचे अहवाल समोर ठेवूनच सांगता येते.