सोनेरी ब्राइड्समेड पोशाख

ख्रिस्ती विवाहविधीत वधूसोबत चर्चमध्ये चालणारी, तिच्या झग्याचा घोळ आणि पुष्पगुच्छ सांभाळणारी सखी म्हणजे ब्राइड्समेड. सख्यांतली प्रमुख अविवाहित असल्यास तिला मेड ऑफ ऑनर आणि विवाहित असल्यास मेट्रन ऑफ ऑनर म्हणतात. गोव्यातील ख्रिस्ती समाजात कोंकणीत वधूची सखी धेडी आणि वराचा सोबती धेडो. मराठी लग्नातील करवलीशी तिची तुलना नेहमी होते. परंतु करवली करा घेऊन मागे उभी राहते, ती बहुधा सख्खी किंवा चुलत-मावस बहीण असते आणि तिने काय नेसावे याला मानपानापलीकडे नियम नाही. ब्राइड्समेडच्या पोशाखात मात्र सर्वजणींचे कपडे एकमेकींशी आणि वधूच्या झग्याशी जुळणे हाच गाभा असतो. जुळणी सर्वांत अवघड होते ती सोनेरी रंगात.

प्रथेचा उगम वादग्रस्त आहे. सर्वाधिक प्रचलित मत असे की रोमन कायद्याने विवाहाला दहा साक्षीदार सक्तीचे केले होते आणि दुष्ट शक्तींना खरी वधू ओळखता येऊ नये म्हणून ते वधूवरांसारखेच कपडे घालीत. यातील दहा साक्षीदारांना आधार आहे. इ. स. दुसऱ्या शतकातील विधिज्ञ गायस याने आपल्या कायदेग्रंथात कॉन्फरेएशिओ या विवाहप्रकाराचे वर्णन करताना दहा साक्षीदारांचा आणि भरड गव्हाच्या भाकरीचा उल्लेख केला आहे. (या ग्रंथाचे हस्तलिखित १८१६ मध्ये व्हेरोना येथे उजेडात आले.) मात्र हा विधी उच्चकुलीनांपुरता होता, सर्व रोमन विवाहांना तो लागू नव्हता आणि गायस साक्षीदारांच्या कपड्यांबद्दल काहीच सांगत नाही. एकसारख्या पोशाखाची आणि भुताखेतांना चकवण्याची जोड बरीच नंतरची दिसते. दुसरे मत बायबलमधील याकोबाच्या पत्नी लेआ आणि राहेल यांच्यासोबत दिलेल्या दासींकडे बोट दाखवते. पण त्या लग्नात आंदण मिळालेल्या दासी होत्या, सख्या नव्हेत. त्यापेक्षा रोमन विवाहातील प्रोनुबा, म्हणजे एकदाच विवाह झालेली आणि वधूवरांचे हात एकमेकांच्या हाती देणारी प्रौढ स्त्री, ही आजच्या मेट्रन ऑफ ऑनरला अधिक जवळची वाटते. इंग्रजीतही हा शब्द आधी ‘ब्राइडमेड’ असा होता. मधला ‘स’ नंतर शिरला.

पोशाखाच्या इतिहासात निश्चित टप्पा १८४० चा. त्या वर्षी १० फेब्रुवारीला झालेल्या राणी व्हिक्टोरियाच्या विवाहात तिच्या झग्याचा घोळ उचलणाऱ्या बारा सख्या होत्या. त्यांच्या पोशाखाचा आराखडा राणीने स्वतः केला होता आणि ते सर्व पांढरे होते. ब्रिटिश राजघराण्यात पांढऱ्याचा हा पायंडा पुढे बराच काळ टिकला. सोनेरीचा तिथला अलीकडचा वापरही बेताचा आहे: २९ एप्रिल २०११ रोजी लंडनला झालेल्या राजपुत्र विल्यम यांच्या विवाहात लहान मुलींचे झगे हस्तिदंती होते आणि सोनेरी होते ते फक्त कमरेचे फिकट रेशमी पट्टे. नखशिखांत सोनेरी, टिकल्यांनी भरलेला पोशाख हे मुख्यतः अमेरिकी वळण असून त्याचा प्रसार ढोबळमानाने २०१० नंतरचा आहे.

सोनेरीपणा कापडात कुठून येतो : सोनेरी म्हणजे पिवळसर तपकिरी रंग अधिक धातूसारखे परावर्तन. परावर्तन काढून घेतले की उरतो तो बिस्किटी रंग. म्हणूनच ‘गोल्ड’ नावाने विकलेले शिफॉन अंगावर सोनेरी दिसत नाही आणि त्याच रंगात रंगवलेले सॅटिन दिसते. नमुन्याच्या चिठ्ठीवरील नावापेक्षा कापडाची बांधणी आधी पाहावी लागते.

चमक आणण्याचे मार्ग तीन. पहिला विणीचा: सॅटिनमध्ये लांब तरंगते धागे पृष्ठभागावर येतात आणि प्रकाश एका दिशेने परततो. दुसरा धातूच्या पट्टीचा. अशा कापडाचे लामे हे नाव पातळ पत्रा या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून आले. सुरतेच्या जरीकामात तार चपटी करून जो बादला करतात आणि तो धाग्यावर गुंडाळून कलाबतू काढतात, तीच ही कल्पना. अस्सल जरीत चांदीच्या तारेला सोन्याचा मुलामा असतो, नकली जरीत तांब्याच्या तारेवर चांदीचा थर, आणि हे तांबे घामातील क्षाराने काळे पडते. १९४६ मध्ये अमेरिकेतील क्लीव्हलँडच्या डोबेकमन कंपनीने लुरेक्स बाजारात आणल्यावर चित्र पालटले. त्यात अॅल्युमिनियमचा पातळ थर प्लॅस्टिकच्या पदरांत बंद असतो आणि सोनेरी छटा येते ती धातूची नव्हे, त्यावरच्या रंगीत लेपाची. त्यामुळे लुरेक्स काळवंडत नाही. पट्टीची कड मात्र त्वचेला टोचते, म्हणून अस्तराविना असे कापड काखेत आणि गळ्याशी ठेवू नये.

तिसरा मार्ग टिकल्यांचा. इंग्रजी ‘सीक्विन’ हा शब्द व्हेनिसच्या झेक्किनो या सोन्याच्या नाण्यावरून आला. ते नाव झेक्का म्हणजे टांकसाळीवरून आणि झेक्का अरबी सिक्का या शब्दावरून; मराठीतील शिक्काही त्याच घराण्यातला. कपड्यावर सोन्याच्या चकत्या शिवण्याची रीत प्राचीन आहे. १९२२ मध्ये सापडलेल्या तुतनखामेनच्या थडग्यातील वस्त्रांवरही त्या होत्या. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जिलेटिनच्या टिकल्या निघाल्या, पण त्या पाण्याने आणि उष्णतेने विरघळत. नाचताना जोडीदाराच्या घामेजल्या तळव्याचा ठसाही त्यांवर उमटे. आजच्या टिकल्या पॉलिएस्टर किंवा पीव्हीसीच्या असतात. पाणी त्या सोसतात, इस्त्री सोसत नाहीत.

छटा ठरवणे : बाजारात शॅम्पेन (अगदी फिकट सोनेरी), पिवळे सोने, जुने सोने (मंद, गडद सोनेरी), गुलाबी सोने आणि ब्राँझ अशा मुख्य छटा मिळतात. पहिली कसोटी वधूचा झगा. तो हस्तिदंती असेल तर शेजारचे शॅम्पेन त्याला मळकट करते. तो शुभ्र असेल तर पिवळे सोने अधिकच पिवळे दिसते. जुने सोने दोन्हींशी जमते. दुसरी कसोटी त्वचेची. गव्हाळ वर्णावर शॅम्पेन सॅटिन छायाचित्रात कातडीत मिसळून जाते आणि लांबून अंगावर कापडच नाही असा भास होतो. आपल्याकडे ही चूक फार होते, कारण विदेशी कॅटलॉगमधील गोऱ्या मॉडेलवर तीच छटा नीट उठून दिसते. सावळ्या व गव्हाळ वर्णाला जुने सोने आणि ब्राँझ शोभते. गुलाबी सोने चेहऱ्याजवळ धरूनच ठरवावे. नमुना निदान हातभर लांबीचा हवा. तो खिडकीजवळ गालाला लावून पाहावा, मग दिव्याखाली.

तिसरी कसोटी प्रकाशाची. चमकते कापड आजूबाजूचा रंग उचलते. हिरवळीवर काढलेल्या छायाचित्रात सोनेरी सॅटिनच्या खालच्या भागावर हिरवट झाक उतरते. साधारण ३००० केल्विनच्या (केल्विन हे उजेडाच्या रंगछटेचे माप) पिवळ्या दिव्यांत पिवळे सोने नारिंगीकडे झुकते, ५५०० केल्विनच्या दिवसाच्या उजेडात तेच थंड दिसते. कॅमेऱ्यावरचा सरळ फ्लॅश टिकल्यांवर पांढरे ठिपके पाडतो आणि खालचा रंग हरवतो; छतावरून परतवलेला फ्लॅश हे टाळतो.

सगळ्यांना एकच छटा नको असेल तर छटांमधले अंतर स्पष्ट ठेवावे. शॅम्पेन, जुने सोने आणि ब्राँझ शेजारी उभे केले की हेतू कळतो. एकमेकांच्या अगदी जवळच्या दोन छटा चुकून वेगळ्या आल्यासारख्या दिसतात. प्रमुख सखीला टिकल्यांचा पोशाख आणि बाकीच्यांना त्याच छटेचे सॅटिन ही मांडणी सहसा फसत नाही.

कापड व शिवण : जमिनीपर्यंतच्या साध्या कळीदार पोशाखाला ४४ इंच पन्ह्याचे चार ते पाच मीटर कापड आणि अडीच ते तीन मीटर अस्तर लागते. सॅटिन व मखमलीला दिशा असते. कळ्या उलटसुलट मांडल्यास एक उजळ, एक काळपट दिसते, म्हणून सर्व कळ्या एकाच दिशेने कापाव्यात आणि त्यासाठी दहा ते पंधरा टक्के कापड जास्त घ्यावे. सहाजणींचे कापड एकाच ताग्यातून, निदान एकाच रंगाईतून घ्यावे. मागाहून मागवलेला मीटरभर तुकडा क्वचितच जुळतो.

टिकल्यांच्या कापडात खरी मेहनत शिवणीपूर्वी असते. कापताना तुकडे उडतात, म्हणून चष्मा लावावा आणि जुनी कात्री वापरावी, कारण धार जातेच. मग दीड सेंटिमीटरच्या मायेतील, म्हणजे शिवणीबाहेर सोडलेल्या कापडातील, टिकल्या एकेक काढाव्या लागतात. त्या बहुधा साखळी टाक्याने शिवलेल्या असतात. दोरा मध्येच तोडला की ओळच्या ओळ उसवते. म्हणून टिकली कात्रीने चिरून काढावी, दोरा तसाच ठेवावा आणि तुटलाच तर मागच्या बाजूने गाठ मारावी. माया साफ न करता मशीन चालवल्यास सुई मोडते आणि शिवण फुगते. तळाच्या दुमडीलाही हेच करावे लागते, म्हणून टिकल्यांचा पोशाख आखूड करायची मजुरी साध्यापेक्षा बरीच जास्त पडते. काखेत दंड घासून लाल होतात, तेवढ्या भागातील टिकल्या काढून आतून मऊ पट्टी लावतात. इस्त्रीऐवजी माया बोटाने दाबून बसवावी.

लामेचे दुखणे निराळे. ते कडेने भराभर उसवते आणि टाचणीची छिद्रे कायम राहतात. टाचण्या फक्त मायेत लावाव्यात, सुई बारीक व नवी घ्यावी (६५ ते ७५ नंबरची), आणि आधी साध्या मांजरपाटावर पोशाख बेतून अंगाला घालून पाहावा. लामेवर शिवण एकदा उसवली की ओळ दिसत राहते.

माप व वेळ : तयार पोशाख मागवणाऱ्यांनी निदान सहा महिने आधी सुरुवात करावी. लग्नाच्या पोशाखांच्या कंपन्यांची मापे रोजच्या कपड्यांपेक्षा एक-दोन नंबरांनी लहान असतात. छाती, कंबर आणि सीट यांतील ज्याला सर्वांत मोठा नंबर लागतो तोच मागवावा आणि बाकीचे आत घ्यावे. सोडवायला माया पुरत नाही. सर्वांची मापे एकाच व्यक्तीने घेतलेली बरी. दुरुस्तीला सहा ते आठ आठवडे राखावेत. लग्नाच्या दोन आठवडे आधीच्या शेवटच्या चाचणीत प्रत्यक्ष त्या दिवशीचेच बूट घालावेत. तळ जमिनीपासून मोजून सर्वांचा सारखा, दोन-अडीच सेंटिमीटर वर ठेवतात. पायापासून मोजलेला तळ रांगेत उभे राहिल्यावर वरखाली होतो.

खर्चाची रीत देशागणिक बदलते. अमेरिकेत सखी आपला पोशाख स्वतः घेते, ब्रिटनमध्ये तो बहुधा वधूकडचे देतात. ज्या समूहात सर्वांची ऐपत सारखी नाही तिथे किंमत आधी बोलून घ्यावी आणि छटा मागाहून ठरवावी.

दागिने व फुले : सोनेरी कापडावर सोन्याचा दागिना हरवतो. मराठी घरातील सखीने ठुशीऐवजी तन्मणी किंवा चिंचपेटी घातली तर मोत्यांचा पांढरेपणा उठून दिसतो. पाचूचा हिरवाही चालतो. पुष्पगुच्छात लिली असल्यास पुंकेसर आधीच खुडावेत. त्यांच्या परागांचा डाग सॅटिनवरून पाण्याने निघत नाही, उलट पसरतो. पराग पडलाच तर हात न लावता चिकटपट्टीने उचलावा.

गोव्यातील वापर : गोव्यात वधू चर्चमध्ये पांढरा झगा घालते आणि परंपरेने तिच्यासाठी लाल साडोही शिवला जातो. धेडीचा रंग या दोन्हींशी जुळवायचा तर जुने सोने सोयीचे. लग्ने मुख्यतः नाताळनंतर उपासकाळ लागेपर्यंत आणि पुन्हा ईस्टरनंतर एप्रिल-मे मध्ये होतात. मेच्या दमट उकाड्यात पॉलिएस्टर अस्तरावर टिकल्यांचे वजन असह्य होते आणि फिकट सॅटिनवर घामाचे वर्तुळ लगेच दिसते. त्या हंगामात सुती मलमलीचे अस्तर, उघडे दंड आणि टिकल्या फक्त कमरेपर्यंत ठेवणे श्रेयस्कर. नंतर असा पोशाख हँगरवर टांगू नये, वजनाने खांदे ओघळतात. तो उलटा करून मलमलीत गुंडाळून आडवा ठेवावा.