रोबोट स्पर्धेत कॅमेऱ्याचा पोल किती उंच असावा?

ठाण्यात घोडबंदर रोडवर किंवा वाशी, नेरुळ, खारघरच्या एखाद्या शाळेत रोबोट स्पर्धा भरली की प्रेक्षकांच्या गर्दीतून चार-पाच उंच पोल वर आलेले दिसतात. टोकाला मोबाइल नाहीतर छोटा अ‍ॅक्शन कॅमेरा, खाली लाइट स्टँड. कुणी रंगाऱ्याचा टेलिस्कोपिक दांडाच ट्रायपॉडला बांधून आणलेला असतो. पालकांना वाटतं, आठवण म्हणून शूटिंग चाललंय. मुलांचं कारण वेगळं असतं: स्काउटिंग, म्हणजे इतर संघांचा अभ्यास.

फर्स्ट टेक चॅलेंज या शाळकरी संघांच्या आंतरराष्ट्रीय रोबोट स्पर्धेचं उदाहरण घेऊ. १२ फूट बाय १२ फुटांचं, म्हणजे ३.६६ मीटरचं चौरस मैदान. एका वेळी चार रोबोट, दोन विरुद्ध दोन. सामना जेमतेम अडीच मिनिटांचा. पात्रता फेरीत जोडीदार वेळापत्रकाने ठरतो. बाद फेरीच्या आधी मात्र वरच्या क्रमांकाचे संघ आपले जोडीदार स्वतः निवडतात, आणि तिथे माहितीला मोल येतं. कोणता रोबोट एका खेपेला किती सेकंद घेतो, कुठे अडकतो, शेवटच्या वीस सेकंदांत काय जमवतो, हे नुसत्या डोळ्यांनी चार रोबोटांबाबत एकदम टिपणं अवघड. व्हिडिओ थांबवून पाहता येतो. मैदान वरून दिसलं तर एक रोबोट दुसऱ्याच्या आड जात नाही. म्हणून पोल, आणि मग शेजारच्या संघापेक्षा उंच पोल.

पण उंचीचा फायदा सतत वाढत जात नाही. तो झपाट्याने आटतो, आणि हे शाळेतल्या समरूप त्रिकोणांनी काढता येतं.

समजा, कॅमेरा मैदानाच्या मध्यापासून ६ मीटर लांब आहे आणि मध्यावर ४५ सेंटिमीटर उंचीचा रोबोट उभा आहे. त्याच्यामागची जमिनीची जी पट्टी कॅमेऱ्याला दिसत नाही, तिची लांबी अशी काढायची: रोबोटची उंची गुणिले अंतर, भागिले कॅमेऱ्याची उंची वजा रोबोटची उंची. कॅमेरा २ मीटरवर असेल तर १.७४ मीटर जागा झाकली जाते, म्हणजे जवळजवळ अर्धं मैदान. ३ मीटरवर १.०६ मीटर. ४ मीटरवर ७६ सेंटिमीटर, ५ मीटरवर ५९ आणि ६ मीटरवर ४९. दोनावरून तीन मीटरवर गेल्यावर ६८ सेंटिमीटर मिळाले. तिनावरून चारवर ३०. पाचावरून सहावर फक्त ११. पुढचा रोबोट मुळात अर्ध्या मीटरच्या आसपास रुंद असतो, त्यामुळे त्या ११ सेंटिमीटरांत स्काउटिंगला उपयोगी असं नवं काहीच दिसत नाही.

आता दुसरी बाजू. हलक्या अ‍ॅल्युमिनियम स्टँडवर ४ मीटरला अर्ध्या किलोचा कॅमेरा लावला आहे, स्टँडचं वजन साडेतीन किलो, आणि प्रत्येक पाय मधल्या नळीपासून ५५ सेंटिमीटर बाहेर गेला आहे. बहुतेकांना वाटतं, तोल सांभाळायला ५५ सेंटिमीटर हाताशी आहेत. तसं नसतं. तीन पायांच्या स्टँडची कमजोर बाजू दोन पायांच्या मधली. तिथे मधल्या नळीपासून दोन पाय जोडणाऱ्या रेषेपर्यंतचं अंतर बरोबर निम्मं, म्हणजे साडेसत्तावीस सेंटिमीटर असतं, आणि स्टँड कलंडतो तो त्याच रेषेवरून.

पुढचा हिशेब सरळ आहे. एकूण ४ किलो गुणिले २७.५ सेंटिमीटर, भागिले धक्का लागला ती उंची. मुलांच्या खांद्याची उंची १.२ मीटर धरली, तर ०.९ किलोचा रेटा पुरतो. दप्तर घासलं तरी एवढा रेटा बसतो. टोकाला ४ मीटरवर हाच आकडा २७५ ग्रॅमवर येतो. टोकाच्या कॅमेऱ्यातून खाली लोंबणारी चार्जिंगची वायर कुणाच्या पायात अडकली, तर तेवढ्यानेच खेळ संपला.

एकदा तोल सुटला की पोल जमिनीवर यायला दीड ते दोन सेकंद लागतात. खाली बसलेल्या मुलांचं लक्ष मैदानाकडे असतं, त्यांना मान वर करायलाही वेळ मिळत नाही. टोकाचा वेग शेवटी सेकंदाला सुमारे ११ मीटर, म्हणजे ताशी ४० किलोमीटरपर्यंत जातो. नुसता सुटून पडणाऱ्या वस्तूपेक्षा हा वेग जास्त असतो, कारण दांड्याचा खालचा जड भाग टोकाला ओढून नेतो. पोल जागेवर राहून एकटा कॅमेरा निसटला तरी अर्धा किलो वजन ४ मीटरवरून येताना जी ऊर्जा आणतं, ती ताशी ५५ किलोमीटरने आलेल्या सीझन बॉलएवढी असते. पॅड नाही, हेल्मेट नाही, आणि खाली पाचवी-सहावीची मुलं.

उपाय अवघड नाहीत. पहिला म्हणजे खाली वजन. १० किलो वजन पायांच्या आडव्या पट्ट्यांवर, जमिनीच्या जितकं जवळ ठेवता येईल तितकं ठेवलं, की ०.९ किलोचा आकडा ३.२ किलोवर जातो. १० किलो कोरडी वाळू म्हणजे साधारण सव्वासहा लिटर. जाड कॅनव्हासच्या पिशवीत, आतून प्लॅस्टिकची दुहेरी पिशवी घालून ती भरावी. वाळू मिळाली नाही तर पाण्याचे पाच-पाच लिटरचे दोन कॅन चालतात, फक्त बूच घट्ट हवं आणि जवळपास एक्स्टेन्शन बोर्ड नको. वजन उंच हुकाला टांगून ठेवू नये. ते झोके घेतं आणि स्टँडलाही झुलवतं.

दुसरा उपाय फुकटचा आहे. ज्या बाजूला माणसं बसली आहेत त्या बाजूला स्टँडचा एक पाय सरळ रोखून ठेवायचा. त्या दिशेला कलंडायला दुप्पट जोर लागतो. कमजोर बाजू भिंतीकडे जाईल अशी योजना करावी.

तिसरा उपाय वायरीचा. पॉवर बँक टोकाला बांधू नये. १०,००० एमएएचच्या पॉवर बँकेचं वजन दोनशे ग्रॅमच्या आसपास असतं आणि ते सगळ्यात वाईट जागी जाऊन बसतं. ती खाली ठेवून वायर पोलला दर अर्ध्या मीटरवर केबल टायने बांधत खाली आणावी आणि शेवटची गाठ जमिनीपासून ३० सेंटिमीटरवर द्यावी. आता पाय अडकला तरी ओढ टोकाला न बसता तळाशी बसते, आणि तिथे स्टँड कलंडायला पावणेचार किलो लागतात. तीच वायर, तोच पाय, फक्त बांधणी वेगळी.

ताण देणारे दोर बांधण्याची सूचना दरवेळी कुणीतरी करतं. मोकळ्या मैदानावर ते ठीक. सभागृहात, जिथे माणसं सतत ये-जा करतात, तिथे दोरात पाय अडकून माणूसही पडतो आणि पोलही.

आपल्याकडच्या जागांचे स्वतःचे धोके आहेत, ते परदेशी नियमपुस्तिकांत सापडत नाहीत. सर्वांत मोठा म्हणजे छताचा पंखा. शाळांच्या सभागृहांत पंख्याची पाती बऱ्याचदा तीन मीटरच्या आसपास फिरत असतात. पोल उचलताना तो तिरका असतो आणि उचलणाऱ्याची नजर पायांकडे असते. पंखे बंद करूनच पोल उभा करावा आणि पात्याच्या कडेपासून किमान एक मीटर आडवं अंतर ठेवावं. गुळगुळीत लाद्यांवर स्टँडच्या पायांचे रबरी बूट झिजलेले असतील तर पाय सरकतात. बूट बदलायला काही मिनिटं लागतात, खाली रबरी चटईचा तुकडा टाकला तरी काम होतं.

मग वारा. नवी मुंबईत अनेक शाळांची बास्केटबॉल कोर्टं वरून पत्र्याने झाकलेली आणि बाजूंनी उघडी असतात. खाडीकडून दुपारी वारा सुटतो. सेकंदाला ७ मीटर, म्हणजे ताशी २५ किलोमीटरचा वारा वर सांगितलेला बिनवजनाचा स्टँड कलंडण्याच्या टोकाला नेतो. त्याहून वाईट म्हणजे पोलला संघाचा झेंडा बांधणं. ६० बाय ९० सेंटिमीटरचा फलक ३ मीटरवर असेल, तर सेकंदाला ५ मीटरच्या साध्या झुळुकीतही स्टँडला पेलवेल त्याच्या जवळजवळ तिप्पट आघूर्ण, म्हणजे कलंडवणारा जोर, तयार होतं. झेंडा हातात धरावा, पोलवर कधीही नको.

पायऱ्यांच्या गॅलरीत परिस्थिती आणखी बिघडते. एका पायरीवर स्टँडचे पाय पूर्ण उघडत नाहीत, म्हणून मुलं ते आवळून घेतात. पाय ५५ ऐवजी ३५ सेंटिमीटरवर आले की खांद्याच्या उंचीवर ०.६ किलोचा रेटा पुरतो, आणि पोल पडतो तो खालच्या पाच-सहा पायऱ्यांवर बसलेल्यांवर. गॅलरीत उंच स्टँड नकोच, यात तडजोड करू नये.

टेलिस्कोपिक दांड्यांचे सांधे हा वेगळा विषय. पिळून आवळायचे सांधे घामाच्या हातांनी आणि धुळीने हळूहळू सुटतात, दांडा सेंटिमीटर-सेंटिमीटर खाली बसतो आणि मग एकदम घसरतो. आत बोट असेल तर चेचतं. प्रत्येक सांध्याच्या कडेला रंगीत टेपची पट्टी लावली की घसरण लगेच दिसते. सर्वांत बारीक नळी उघडूच नये, आणि बाकीच्याही आत किमान १५ सेंटिमीटर राहतील एवढ्याच काढाव्यात. रंगाऱ्याच्या दांड्याचा आटा कॅमेऱ्याच्या पाव इंची आट्याशी जुळत नाही, मधे जोड लागतो, आणि तो जोड कंपनांनी उलटा फिरत सैल होतो. म्हणून कॅमेऱ्याला वेगळी सुरक्षा तार हवी: २ मिलिमीटरची स्टीलची, लांबी २० सेंटिमीटरपेक्षा कमी. लांब तार असेल तर कॅमेरा आधी वेग घेतो आणि मग झटक्याने ती तोडतो.

उंच पोलचं चित्रही वाईट येतं. टोकावर तेवढाच जोर असताना दांडा किती वाकतो, हे लांबीच्या घनावर अवलंबून असतं. ३ मीटरचा दांडा ६ मीटर केला तर हेलकावा आठपट. पंख्याच्या वाऱ्याने डोलणाऱ्या चित्रात रोबोटची वेळ मोजणाऱ्या मुलांना हे सांगावं लागत नाही.

तपासणीसाठी प्रवासाच्या बॅगा मोजायचा लगेज काटा पुरतो. काट्याचा हुक १.२ मीटर उंचीवर अडकवायचा, एकाने पोलला हात लावून तयार राहायचं, दुसऱ्याने दोन पायांच्या मधल्या दिशेला सावकाश ओढायचं. ३ किलो दाखवण्याआधी मागचा पाय उचलला गेला तर वजन वाढवावं. आयोजकांनी ही चाचणी रोबोट तपासणीच्या टेबलाजवळच ठेवावी. एका स्टँडला एक मिनिट लागतं. चाचणीनंतर स्टँड हलवला तर पुन्हा करायची, कारण ४ मीटरचा पोल नुसता दोन अंशांनी तिरका झाला तरी टोक १४ सेंटिमीटर बाहेर जातं आणि बिनवजनाच्या स्टँडच्या सुरक्षेचा साधारण पाचवा भाग गळतो.

स्पर्धेला येता-जाताना एक गोष्ट जिवाशी आहे. ठाणे-वाशी मार्गासह आपल्या लोकलच्या वरच्या तारांत २५,००० व्होल्ट असतात. तारेला स्पर्श व्हावाच लागतो असं नाही, जवळ आलेल्या धातूच्या दांड्यावर ठिणगी उडी मारते. दोन मीटरच्या आत काहीही जाता कामा नये. पोल पूर्ण मिटवून, पिशवीत घालून, आडवा धरून न्यावा. फलाटावर किंवा पादचारी पुलावर तो उघडून पाहणं, खांद्यावर उभा धरणं, कुणाला खूण करायला उंचावणं, सगळं वर्ज्य.

आता न्यायाचा प्रश्न. मागच्यांची तक्रार असते की पोल आड येतो. मोजून पाहिलं तर ३ सेंटिमीटर जाडीचा पोल एक मीटर पुढे असेल, तर ८ मीटरवरच्या मैदानाची २४ सेंटिमीटरची पट्टी झाकतो. त्रास होतो, पण मान किंचित कलती केली की सुटतो. पोलजवळ उभा राहून मोबाइल हाताळणारा, ४५ सेंटिमीटर रुंद खांद्यांचा मुलगा मात्र त्याच हिशेबाने ३.६ मीटर झाकतो. म्हणजे पूर्ण मैदान. नियम करायचा तर आधी हा करावा: सामना चालू असताना कॅमेऱ्याजवळ कुणी उभं राहायचं नाही. रेकॉर्डिंग सामन्याआधी सुरू करून चालूच ठेवायचं.

दुसरा अन्याय कमी दिसतो. ज्या शाळेकडे चांगला स्टँड, वाइड अँगल कॅमेरा आणि तो सांभाळायला जादा माणसं आहेत, तिला जोडीदार निवडताना पक्के आकडे मिळतात. पहिल्यांदा आलेल्या, सहा मुलांच्या संघाकडे कागदावरच्या रेघोट्या असतात. रोबोट घडवण्यातली हुशारी मोजायला बसलेल्या स्पर्धेत हा फरक पोलच्या उंचीने पडू नये. शिवाय या स्पर्धेत व्हिडिओ दाखवून पंचांचा निर्णय बदलून घेता येत नाही, त्यामुळे पुराव्यासाठी उंच पोल हवा हे कारणही टिकत नाही.

आमच्या मते मर्यादा अशा असाव्यात. प्रेक्षकांच्या रांगांमध्ये कॅमेरा १.८ मीटरपेक्षा वर नको. मागच्या भिंतीलगत किंवा बाजूला आखून दिलेल्या पट्ट्यात ३ मीटरपर्यंत, १० किलो वजन आणि खेच-चाचणीसह, आणि पोल जितका उंच त्याहून अर्धा मीटर जास्त अंतरात कुणी बसलेलं नको. त्यावरची उंची फक्त आयोजकांच्या एका कॅमेऱ्याला, आणि तोही पोलवर न ठेवता इमारतीला पक्का केलेला. पहिल्या मजल्याची गॅलरी असेल तर तिच्या कठड्याला दोन क्लॅम्पांनी आणि सुरक्षा तारेने बसवलेला कॅमेरा साडेचार-पाच मीटरवर जातो, एकही दांडा न उभारता.

त्या एका कॅमेऱ्याचं चित्रण सगळ्यांना सारखं मिळालं पाहिजे. १०८० पिक्सेलचं मोबाइलचं चित्रण मिनिटाला साधारण १३० एमबी जागा घेतं. एक सामना सव्वातीनशे एमबी, चाळीस सामने १३ जीबी. एका पेनड्राइव्हवर मावतं. स्पर्धेच्या जागी संघांना स्वतःचं वाय-फाय सुरू करायला मनाई असते, रोबोटांच्या रेडिओला त्याचा अडथळा होतो, म्हणून वाटप पेनड्राइव्हवरूनच करावं. दर आठ-दहा सामन्यांनंतर एका टेबलावर लॅपटॉप ठेवून, येईल त्या संघाला कॉपी द्यावी. फाइलचं नाव सामन्याच्या क्रमांकानेच ठेवावं, म्हणजे शोधण्यात वेळ जात नाही. शेवटचा गठ्ठा जोडीदार निवडीच्या किमान अर्धा तास आधी टेबलावर हवा. तोपर्यंत संघांनी आपले ३ मीटरवाले पोल उतरवलेले असावेत, कारण निवड सुरू झाली की सगळं सभागृह एकदम उठतं आणि स्टँडला सर्वांत जास्त धक्के तेव्हाच बसतात.