वेगवान चेंडूची किंमत कोपर मोजतं

बेसबॉलचा पिचर, म्हणजे फलंदाजाला चेंडू टाकणारा खेळाडू, पूर्ण ताकदीने चेंडू फेकतो, तेव्हा त्याच्या कोपराच्या आतल्या बाजूवर सुमारे ६४ न्यूटन-मीटर इतका पीळ येतो. मीटरभर लांब दांडा आडवा धरून त्याच्या टोकाला साडेसहा किलोचं वजन टांगलं, तर मुठीशी साधारण एवढाच पीळ जाणवेल. अमेरिकेत अलाबामातल्या बर्मिंगहॅमच्या प्रयोगशाळेत १९९०च्या दशकात हे मोजलं गेलं. मृतदेहांच्या कोपरांवर चाचण्या झाल्या, तेव्हा मात्र तिथला लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड जोडणारा चिवट पट्टा, ३४ न्यूटन-मीटरच्या आसपासच तुटला. कागदावरच्या या हिशोबाने पिचरचं कोपर पहिल्याच चेंडूला निकामी व्हायला हवं.

तसं होत नाही, ते स्नायूंमुळे. मनगट वाकवणारे आणि तळहात पालथा करणारे स्नायू कोपराच्या आतल्या हाडाच्या उंचवट्यापासूनच निघतात, म्हणजे लिगामेंटच्या अगदी वरून जातात. चेंडू टाकताना ते आकसतात, सांध्याची हाडं एकमेकांवर घट्ट बसतात आणि पिळाचा मोठा वाटा लिगामेंटपर्यंत पोहोचतच नाही. पण स्नायू थकतात. थकलेल्या स्नायूने सोडलेला भार लिगामेंटवर येतो, त्याचे तंतू थोडे थोडे झिजतात आणि मग एखाद्या साध्याच चेंडूला तो फाटतो. दुसरी अडचण अशी, की एका हिवाळ्यात व्यायामशाळेत घाम गाळून विशीतला मुलगा आपला वेग ताशी पाच-सात किलोमीटरने वाढवू शकतो. लिगामेंट मात्र स्नायूसारखा झटपट कमावता येत नाही. तरुण पिचरच्या कारकिर्दीतली बहुतेक दुखणी आणि बहुतेक वादही या विजोड वाढीतून येतात.

हा पीळ येतो कुठून, हे पाहायला फेकीचे टप्पे संथ करून बघावे लागतात. पिचर जिच्यावर पाय ठेवून चेंडू टाकतो ती पट्टी होम प्लेटपासून (फलंदाजाजवळच्या पाटीपासून) १८.४४ मीटर अंतरावर, २५ सेंटिमीटर उंच मातीच्या चौथऱ्यावर असते. पिचर पाय उचलतो आणि स्वतःच्या उंचीच्या साधारण ऐंशी-पंच्याऐंशी टक्के लांबीचं पाऊल पुढे टाकतो. तो पाय जमिनीला लागल्यापासून चेंडू हातातून सुटेपर्यंत एक सेकंदाचा जेमतेम सातवा हिस्सा जातो. तेवढ्यात आधी कंबर फिरते, तिच्या मागून छाती, आणि हात मागेच राहिल्याने दंड खांद्यात उलटा पिळला जातो, इतका की तळहात आकाशाकडे होतो आणि मनगटापर्यंतचा हात जवळजवळ जमिनीला समांतर येतो. मग खांदा उलट दिशेने सुटतो. त्याचा कमाल फिरण्याचा वेग सेकंदाला ७,००० अंशांच्या घरात जातो. माणसाच्या शरीरात मोजलेल्या सर्वांत वेगवान हालचालींपैकी ही एक. कोपराला सगळ्यात जास्त ताण बसतो तो हात पूर्ण मागे पिळला जाण्याच्या जरा आधी, म्हणजे चेंडू सुटण्याच्याही आधी.

चुका होतात त्या बहुधा या क्रमात. पुढचा पाय टेकण्याआधीच छाती फलंदाजाकडे वळली, तर हात मागे रेंगाळतो आणि तो ओढून आणायचं काम खांदा-कोपरावर पडतं. उजव्या हाताच्या पिचरचा पुढचा पाय पहिल्या बेसच्या बाजूला, म्हणजे त्याच्या डावीकडे, फार बाहेर पडला तरी कंबर लवकर उघडते आणि पायांतून आलेली शक्ती वाया जाते. वेग तोच राखायचा तर तूट हाताने भरून काढावी लागते. चांगला प्रशिक्षक म्हणूनच हाताआधी पाय बघतो.

क्रिकेटच्या वाचकाला इथे प्रश्न पडेल की आपल्या वेगवान गोलंदाजांची कोपरं अशी का फाटत नाहीत. क्रिकेटच्या नियमाने चेंडू टाकताना कोपर १५ अंशांपेक्षा जास्त सरळ करता येत नाही. जवळजवळ ताठ हातात कोपरापुढचा हात तरफेसारखा वागत नाही, त्यामुळे कोपराला तो आडवा पीळ बसत नाही. गोलंदाजाचा ताण धावत येऊन पाय आपटताना कमरेच्या मणक्यांवर जातो आणि तिथे बारीक तडे जातात. जसप्रीत बुमराला २०२३ मध्ये शस्त्रक्रिया करावी लागली, ती पाठीवर.

पिचरचं हाड लहानपणीच घडतं, ही यातली सगळ्यात विलक्षण गोष्ट. जन्मतः दंडाचं हाड आपल्याच आसाभोवती मागे पिळलेलं असतं आणि वाढीच्या वयात हा पीळ हळूहळू उलगडतो. लहानपणापासून फेकणाऱ्या मुलाच्या फेकण्याच्या हातात तो कमी उलगडतो. त्यामुळे प्रौढपणी त्याचा हात दुसऱ्या हातापेक्षा जास्त मागे जातो, म्हणजे वेग वाढवायला लांब पल्ला मिळतो. पण त्याच वयात कोपराच्या आतल्या बाजूची वाढीची कूर्चा लिगामेंटपेक्षाही कच्ची असते. अकरा ते चौदा वर्षांच्या मुलाचं कोपर आतून दुखू लागलं, तर आधी शंका या कूर्चेची घ्यायची, आणि उपाय एकच: फेकणं थांबवायचं. बर्फ लावून खेळवत राहणं हा उपाय नव्हे.

म्हणूनच मेजर लीग (अमेरिकेतली सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉल लीग) आणि अमेरिकेच्या बेसबॉल संघटनेने २०१४ मध्ये वयानुसार चेंडूंची मर्यादा आखून दिली. ११-१२ वर्षांसाठी दिवसाला ८५ चेंडू, १३ ते १६ साठी ९५, १७-१८ साठी १०५. सोळा वर्षांच्या मुलाने ३० पर्यंत चेंडू टाकले तर दुसऱ्या दिवशीही टाकता येतात. ७६ किंवा त्याहून जास्त टाकले तर चार दिवस सुट्टी. वर्षातले चार महिने पिचिंग पूर्ण बंद. या आकड्यांमागे अभ्यास आहे. वर्षाला १०० पेक्षा जास्त डाव (बेसबॉलचा डाव म्हणजे तीन फलंदाज बाद होईपर्यंतचा खेळ) टाकणाऱ्या मुलांना गंभीर दुखापतीचा धोका साडेतीन पट आढळला. थकलेल्या हाताने नेहमी पिचिंग करणारे मुलगे शस्त्रक्रियेपर्यंत पोहोचण्याची शक्यता तर ३६ पट होती. डाव मोजणं सोपं आहे. थकवा ओळखणं कठीण. नेमकं तेच महत्त्वाचं.

पण निवड करणारे लोक बघतात वेग. मेजर लीगचे संघ नवे खेळाडू निवडतात त्या जुलैमधल्या ड्राफ्टमध्ये २० फेऱ्या होतात आणि बारावी झालेला किंवा कॉलेजची तीन वर्षं पूर्ण केलेला पिचर वेग मोजणाऱ्या रडार गनवरच्या आकड्याने आधी ओळखला जातो. मेजर लीगमधल्या फास्टबॉलचा (पूर्ण वेगाने टाकलेल्या चेंडूचा) सरासरी वेग २००८ मध्ये ताशी १४७ किलोमीटर होता. २०२४ मध्ये तो १५१.६ झाला. याच सुमारास मेजर लीग आणि तिच्या खालच्या मायनर लीग मिळून कोपराच्या लिगामेंटच्या शस्त्रक्रिया २०१० मधल्या १०४ वरून २०२४ मध्ये २८१ वर गेल्या. मेजर लीगने डिसेंबर २०२४ मध्ये काढलेल्या अहवालानेही वेगाचा हव्यास आणि प्रत्येक चेंडू सर्वस्व ओतून टाकण्याची सवय, यांवरच बोट ठेवलं. पिचरला दोष देण्यात अर्थ नाही. सावध खेळणारा पिचर ड्राफ्टमध्ये मागे पडतो.

निवड झाल्यावर लगेच मेजर लीग मिळत नाही. नवख्यांच्या लीगनंतर सिंगल ए, हाय ए, डबल ए, ट्रिपल ए अशी चढण आहे. २००८ मध्ये टीव्हीवरच्या स्पर्धेतून निवडलेले उत्तर प्रदेशचे रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे दोन भालाफेकपटू पिट्सबर्ग पायरेट्स या मेजर लीग संघाकडे गेले. रिंकू सिंगल ए पर्यंत पोहोचला, आणि हाती बेसबॉल उशिरा आलेल्या मुलासाठी ती मजल मोठीच म्हणायची. २०२३ च्या कराराने त्या वर्षी सिंगल ए मधल्या खेळाडूचा वर्षाचा किमान पगार २६,२०० डॉलर झाला, ट्रिपल ए मध्ये ३५,८००. मेजर लीगमधला किमान पगार २०२५ मध्ये ७,६०,००० डॉलर होता. मधली ही दरी पाहिली की दुखतं कोपर लपवून चेंडू टाकण्याचा मोह का होतो, ते समजतं.

मायनर लीगचा आठवडा मंगळवार ते रविवार सलग सहा सामन्यांचा, सोमवारी सुट्टी. सामना सुरू करणारा पिचर साधारण आठवड्यातून एकदा उतरतो. दुसऱ्या दिवशी सायकल किंवा हलकं धावणं, मग हलकी झेलाझेली, मध्ये एकदा पंचवीस-तीस चेंडूंचा सराव. हॉक-आयचे कॅमेरे, जे आपल्याला क्रिकेटच्या डीआरएसमुळे माहीत आहेत, चेंडूचे फेरे आणि चेंडू हातातून सुटण्याची जागा मोजतात. सुटण्याची जागा काही सेंटिमीटर खाली येऊ लागली आणि वेगही घसरला, तर पिचर काही बोलला नाही तरी प्रशिक्षकाने थकव्याची शंका घ्यावी.

तरीही लिगामेंट फाटला, तर १९७४ पासून एक वाट आहे. त्या वर्षी २५ सप्टेंबरला लॉस एंजेलिसमध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी डॉजर्स संघाचा पिचर टॉमी जॉन याच्या उजव्या मनगटाजवळचा एक कंडरा (स्नायू हाडाला जोडणारी दोरी) काढून डाव्या कोपरात बसवला. परतण्याची शक्यता त्यांनी शंभरात एक सांगितली होती. टॉमी जॉन १९७६ मध्ये परतला, १९८९ पर्यंत खेळला आणि २८८ विजयांपैकी १६४ त्याने त्यानंतर मिळवले. शस्त्रक्रियेला आज त्याचंच नाव आहे. दंडाच्या आणि पुढच्या हाताच्या हाडांत भोकं पाडून कंडरा त्यातून ओवतात. मनगटातला हा कंडरा काही लोकांना जन्मतःच नसतो. मग मांडीतला घेतात. चार-पाच महिन्यांनी १४ मीटरवरून हलकी फेक सुरू होते, अंतर टप्प्याटप्प्याने ३५ मीटरच्या पुढे जातं, चौथऱ्यावर चढायला नऊ-दहा महिने लागतात आणि सामना वर्ष-दीड वर्षाने. घाई केली तर नव्या कंडऱ्याला लिगामेंटचं रूप यायच्या आतच त्याच्यावर पूर्ण भार पडतो.

स्टीफन स्ट्रासबर्ग हा पिचर २००९ मध्ये वॉशिंग्टन नॅशनल्स संघाने ड्राफ्टमध्ये सर्वांत आधी निवडलेला. ८ जून २०१० ला पहिल्याच मेजर लीग सामन्यात त्याने ९४ चेंडूंत १४ फलंदाजांना स्ट्राइकआउट केलं, म्हणजे चेंडू नीट मारूच न देता बाद केलं. ऑगस्टमध्ये कोपर गेलं, सप्टेंबरमध्ये टॉमी जॉन, बरोबर वर्षाने पुनरागमन. २०१२ मध्ये संघ अव्वल असताना व्यवस्थापनाने त्याला १५९ डावांवर थांबवलं. संघ पहिल्याच बाद फेरीत हरला आणि त्या निर्णयावर वर्षानुवर्षं भांडणं झाली. आम्हाला तो निर्णय बरोबर वाटतो: हंगामात एवढे डाव त्याने पूर्वी कधी टाकलेच नव्हते. २०१९ मध्ये तो वर्ल्ड सिरीजचा (मेजर लीगच्या अंतिम लढतीचा) सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि सात वर्षांचा २४.५ कोटी डॉलरचा करार मिळाला. मग उजव्या हाताला बधिरपणा येऊ लागला. गळ्याचं हाड आणि पहिली बरगडी यांच्यामधून हातात उतरणाऱ्या नसा दाबल्या जात होत्या. २०२१ मध्ये एक बरगडी काढावी लागली. करारानंतर त्याला फक्त आठ सामने टाकता आले, शेवटचा जून २०२२ मध्ये. कोपरावर दुसऱ्यांदा टॉमी जॉन शस्त्रक्रिया करायची वेळ मात्र आली नाही.