आमसूल, पेज आणि पहिले तीन महिने

कोकणात गरोदरपणाचे कौतुक उशिरा सुरू होते. डोहाळजेवण सातव्या महिन्यात, आणि पहिलटकरीण माहेरी जायची तीही साधारण त्याच सुमारास. मळमळ मात्र सहाव्या आठवड्याच्या आसपास सुरू होते, नवव्या आठवड्याच्या सुमारास ऐन भरात असते आणि बहुतेकींची चौथ्या महिन्यात ओसरू लागते. हिरवी साडी नेसून बाई झोपाळ्यावर बसते तेव्हा तिला जेवण पुन्हा गोड लागू लागलेले असते. त्रासाचे दिवस जायचे ते सासरी, चुलीपुढे. तीन महिने भरेपर्यंत वाच्यता करायची नाही हा रिवाज, आणि नवरा पुष्कळदा मुंबईला गिरणीत. अशा वेळी सुकट भाजण्याचे काम दुसऱ्या कुणी अंगावर घेतले तर तोच मोठा उपाय. त्या वासाने उसळून येते हे सासूला न सांगताच कळायचे. कळूनही काही सासवा गप्प बसत, ती गोष्ट वेगळी.

सण नाही, समारंभ नाही, म्हणून या दिवसांचे उपाय फळीवरच्या बरण्यांत राहिले. त्यांत पहिला मान आमसुलाचा. मे महिन्यात रातांबे पिकले की ते फोडून बिया नि गर बाजूला काढतात आणि सालींना मीठ व रसाची पुटे देत देत त्या उन्हात वाळवतात. पाऊस लागायच्या आत हे उरकावे लागते. कैरी मेपर्यंतच मिळते, आमसूल वर्षभर टिकते, त्यामुळे दिवस कोणत्याही महिन्यात राहोत, आंबट हाताशी असतेच. सकाळी तोंडाला पाणी सुटायला लागले की त्याचा तुकडा दाढेखाली धरायचा, नाहीतर साखर घालून पातळ सरबत घोटघोट घ्यायचे. सोलकढीही चालते, पण लसणाचा वास सोसत नसेल तर लसूण वगळून. आगळात, म्हणजे रातांब्यांच्या खारवलेल्या रसात, मीठ भरपूर असते. रक्तदाब वाढलेला असेल तर ते जपूनच घ्यावे.

चरकसंहितेत गर्भ राहिल्याची लक्षणे सांगताना तोंडाला पाणी सुटणे, अन्नावरची वासना जाणे, उलटी आणि आंबटाची ओढ ही एका ओळीत येतात. सुश्रुताने पहिल्या तीन महिन्यांसाठी गोड, थंड आणि पातळ आहार सांगितला, तर चरकाने या महिन्यांत दुधावर भर दिला. कोकणातल्या गाई दुधाला बेताच्याच. तिथे पातळ आहाराची जागा बहुधा उकड्या तांदळाच्या पेजेने आणि शहाळ्याने घेतली असावी. पेज कोमट, मिठाची चिमूट घातलेली, सोबत लिंबाच्या लोणच्याची फोड. “वायच पेज तरी घे गो,” हा आग्रह मालवणी घरात अजून ऐकू येतो. आणि तो योग्यच आहे: पोट रिकामे राहिले की मळमळ वाढते, म्हणून थोडे थोडे आणि वरचेवर खा, असेच डॉक्टरही सांगतात.

आल्याचे मात्र उलटे झाले. घाटातल्या एसटीत लागू नये म्हणून आलेपाक पिशवीत ठेवणारी म्हातारी गरोदर सुनेला तो देताना हात आखडायची, कारण आले उष्ण. पुढे तपासणीत सगळ्यात चांगले उतरले ते हेच. थायलंडमध्ये २००१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ७० गरोदर बायकांपैकी काहींना चार दिवस रोज १ ग्रॅम आल्याची पूड आणि बाकीच्यांना दिसायला तशीच, पण औषध नसलेली कॅप्सूल दिली होती. आले घेतलेल्यांची मळमळ जास्त उतरली. आज डॉक्टरांच्या मार्गदर्शिकांत आले आहे, आमसूल नाही. चहात किसून घाला किंवा वडी चघळा, फक्त मूठमूठ खाऊ नका.

घरगुती उपायांकडे जग पुन्हा वळले त्यामागे एक भयंकर प्रकरण आहे. थॅलिडोमाइड हे औषध १९५७ साली पश्चिम जर्मनीत बाजारात आले. ते मळमळीवरही दिले जाई. हातपाय खुंटलेली मुले जन्माला येऊ लागली, आणि १९६१ च्या नोव्हेंबरात ते तिथे मागे घेईपर्यंत जगभरात १० हजारांहून जास्त बाळांना त्याची झळ पोचली होती. त्यानंतर गरोदरपणातल्या गोळीचीच धास्ती बसली. ती इतकी, की डॉक्सिलामिन आणि बी-६ जीवनसत्त्वावर आधारलेले औषधही अमेरिकेत खटल्यांपायी १९८३ साली उत्पादकाने बंद केले. ते निर्धोक ठरून तिथे नव्याने मान्य व्हायला २०१३ साल उजाडले. भारतात ही गोळी आजही डॉक्टर देतात. पेजेने भागत नसेल तर ती घेण्यात कमीपणा कसला?

‘मनाचे खेळ’ म्हणून या त्रासाला हसणाऱ्यांना उत्तर २०२३ साली मिळाले. गर्भ आणि वारेकडून येणारे जीडीएफ-१५ हे संप्रेरक ही उलटी घडवते आणि ज्यांच्या अंगात ते आधी कमी असते त्यांना त्रास जास्त होतो, असे त्या वर्षीच्या संशोधनात दिसले.

तीन महिन्यांचा गुप्तपणा आता सैल पडला आहे. बारा आठवड्यांच्या आत नाव नोंदवावे म्हणून आशाताई दारात येतात, आणि वाडीला कळण्याआधी त्यांना कळते. दिवसभरात पाणीही पोटात ठरत नसेल, लघवी गडद आणि थोडी होत असेल, वजन घटत असेल किंवा उठताना भोवळ येत असेल, तर त्यांना त्याच दिवशी सांगावे. तिथे आमसूल पुरत नाही. सलाइन लागते.