हार्ड डिस्क : अंतर्गत आणि बाह्य

वीज गेल्यावरही माहिती टिकवून धरणारे, फिरत्या चुंबकीय तबकड्यांवर चालणारे साठवणीचे साधन म्हणजे हार्ड डिस्क. ती कॅबिनेटच्या किंवा लॅपटॉपच्या आत मदरबोर्डाला जोडलेली असली की तिला इंटर्नल म्हणतात. वेगळ्या केसिंगमध्ये बसवून यूएसबी केबलने बाहेरून जोडली की एक्स्टर्नल. दुकानात दोन्हींची खोकी वेगळी आणि किमतीही वेगळ्या, त्यामुळे ही दोन निराळी यंत्रे आहेत असा समज सहज होतो. प्रत्यक्षात आतली डिस्क बहुतेक वेळा त्याच जातीची असते. फरक पडतो तो ती कुठे राहते यामुळे, आणि केसिंगमधल्या एका छोट्या सर्किट बोर्डामुळे. निवड करताना मुख्यतः या दोनच गोष्टी तपासायच्या असतात.

पहिली हार्ड डिस्क आयबीएमने १९५६ साली रॅमॅक या संगणकाबरोबर आणली. चोवीस इंची ५० तबकड्या आणि साठवण सुमारे ५० लाख अक्षरांची. अर्थातच तिचे स्वतंत्र कपाट होते. १९८० मध्ये सीगेटने सव्वापाच इंची, ५ एमबीची डिस्क काढली आणि डिस्क टेबलावरच्या संगणकात मावू लागली. १९८३ चा आयबीएम पीसी एक्सटी १० एमबीची डिस्क आत घेऊनच आला. पण १९८४ च्या पहिल्या मॅकिंटॉशमध्ये हार्ड डिस्कच नव्हती. पुढच्या वर्षी अ‍ॅपलने त्यासाठी २० एमबीची डिस्क बाहेरून जोडायला दिली, तीही फ्लॉपीच्या पोर्टवर. त्या काळी एक्स्टर्नल डिस्क घेतली जाई ती आत जागा नसल्यामुळे. आज खिशात टाकून नेता येते म्हणून ती घेतात, आणि हा बदल यूएसबीने घडवला.

एक्स्टर्नल डिस्कचे केसिंग उघडले की आत बहुधा साडेतीन किंवा अडीच इंची साधी साटा डिस्क दिसते (साटा ही संगणकाच्या आत डिस्क जोडण्याची नेहमीची पद्धत). तिच्या ७ पिनांच्या डेटा जोडणीवर आणि १५ पिनांच्या वीजजोडणीवर एक चिमुकला बोर्ड बसवलेला असतो. साटाची भाषा यूएसबीच्या भाषेत बदलून देणे हे त्याचे काम. दोन्ही डिस्क मुळात एकच असल्याचा चांगला पुरावा २०११ मध्ये मिळाला. थायलंडमधल्या महापुरात हार्ड डिस्कचे कारखाने बुडाले आणि जगभर इंटर्नल डिस्कच्या किमती भडकल्या. ऑनलाइन बॅकअपची सेवा देणाऱ्या बॅकब्लेझ या अमेरिकी कंपनीने तेव्हा किरकोळ दुकानांतून एक्स्टर्नल डिस्क विकत घेतल्या, केसिंग फोडून आतल्या डिस्क काढल्या आणि सरळ आपल्या सर्व्हरांत बसवल्या. हौशी मंडळी अजूनही हा मार्ग धरतात, पण केसिंग उघडले की वॉरंटीवर बहुधा पाणी सोडावे लागते. शिवाय अशा काही डिस्क जुन्या एसएमपीएसवर, म्हणजे कॅबिनेटमधल्या वीजपुरवठ्याच्या डब्यावर, फिरतच नाहीत, कारण वीजजोडणीतल्या तिसऱ्या पिनेवर ३.३ व्होल्ट आले की त्या स्वतःला बंद ठेवतात.

वेगाबद्दल सर्वांत जास्त गैरसमज आहेत. फिरती डिस्क सलग वाचताना सेकंदाला साधारण १०० ते २५० एमबी देते. अडीच इंची, मिनिटाला ५,४०० फेरे घेणारी असेल तर या पट्ट्याच्या खालच्या टोकाला, साडेतीन इंची ७,२०० फेऱ्यांची असेल तर वरच्या. यूएसबी ३.० ची केबल याहून किती तरी जास्त वाहून नेते. म्हणजे त्या पोर्टवर लावलेली एक्स्टर्नल डिस्क तशाच इंटर्नल डिस्कपेक्षा हळू चालायचे काही कारण नाही. अडचण होते ती जुन्या यूएसबी २.० पोर्टवर, कारण तिथे प्रत्यक्षात सेकंदाला ३०-४० एमबीच हाती लागतात. लग्नाचे ५०० जीबी चित्रीकरण १२० एमबीच्या वेगाने सुमारे सव्वा तासात उतरते. तेच काम ३५ एमबीने चार तास घेते. म्हणून डिस्कला दोष देण्याआधी पोर्ट पाहावा. डेस्कटॉपवर मागच्या बाजूचा, बऱ्याचदा आतून निळा असलेला पोर्ट वापरावा.

फिरत्या तबकड्यांऐवजी चिपांवर माहिती ठेवणाऱ्या एसएसडीचा हिशेब मात्र निराळा आहे. मदरबोर्डावर थेट बसणारी एनव्हीएमई एसएसडी सेकंदाला हजारो एमबी देते आणि यूएसबीची केबल तिला आवळते. विंडोज आणि रोजचे प्रोग्रॅम यांच्यासाठी आज आतली एसएसडीच घ्यावी. फिरती इंटर्नल डिस्क आता मुख्यतः मोठ्या साठवणीसाठी उरली आहे : डेस्कटॉपमधली दुसरी डिस्क, घरचे नॅस (नेटवर्कवरून सर्वांना वापरता येणारी साठवणपेटी), सोसायटीच्या सीसीटीव्हीचे चित्रण साठवणारा डीव्हीआर.

वीज आणि उष्णता हे मुद्दे लहान वाटतात, पण वापरणाऱ्याला ते रोज भोवतात. अडीच इंची पोर्टेबल डिस्क यूएसबीच्या ५ व्होल्टवरच चालते. साडेतीन इंचीला १२ व्होल्टही लागतात, म्हणून तिच्यासोबत अ‍ॅडॅप्टर येतो. भारनियमनाच्या गावात लॅपटॉपवर काम करणाऱ्याने हे नीट लक्षात घ्यावे. वीज गेली तर लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, पण भिंतीतल्या प्लगवरची डिस्क त्याच क्षणी थांबते आणि तेव्हा लिहिली जात असलेली फाइल अर्धवट राहते. अशा ठिकाणी अडीच इंची घ्यावी, नाही तर यूपीएस तरी असावा. कॅबिनेटमधल्या डिस्कसमोर पंखा असतो. प्लॅस्टिकच्या बंद केसिंगला तो बहुधा नसतो आणि तासन्‌तास कॉपी चालली की ते चांगलेच तापते.

एक्स्टर्नल डिस्कचा खरा शत्रू म्हणजे पडणे. डिस्क फिरत असताना तिचे वाचन-लेखन हेड तबकडीपासून अवघ्या काही नॅनोमीटरवर तरंगत असते. मानवी केसाची जाडी याच्या हजारो पट. चालू डिस्क टेबलावर आडवी झाली तरी हेड तबकडीला घासू शकते. बंद डिस्कचे हेड तबकडीपासून दूर ठेवलेले असल्याने ती बराच जास्त धक्का सोसते. म्हणून आधी संगणकावर सेफली रिमूव्हचा पर्याय दाबणे, मग फिरण्याची घरघर थांबेपर्यंत दहा सेकंद वाट पाहणे, आणि नंतरच हात लावणे ही सवय अंगी बाणवावी. डिस्कमधून ठरावीक तालात टक-टक आवाज येऊ लागला तर ती पुन्हा पुन्हा लावून पाहू नये, दर खेपेला नुकसान वाढते.

केसिंगमधला बोर्डही घोटाळा करू शकतो. अनेक पोर्टेबल डिस्कना बसणारी रुंद, चपटी मायक्रो-बी केबल वर्षा-दोन वर्षांत सैल पडते आणि डिस्क मध्येच गायब होऊ लागते. साटा डिस्क असेल तर ती काढून दुसऱ्या केसिंगमध्ये घालता येते. पण काही पोर्टेबल डिस्कमध्ये साटा जोडणी नसतेच, यूएसबी थेट डिस्कच्या बोर्डावर असते. काहींमध्ये बोर्ड सगळी माहिती सांकेतिक करून लिहितो, आणि तो जळाला की तबकड्या धडधाकट असूनही काही वाचता येत नाही. खरेदीआधी याची चौकशी जरूर करावी. दुकानदार आपणहून हे क्वचितच सांगतो.

मोठ्या क्षमतेच्या अडीच इंची डिस्कमध्ये बहुधा एसएमआर पद्धत असते. तिच्यात शेजारचे चुंबकीय पट्टे एकमेकांवर थोडे चढवून लिहिलेले असतात. एकदा भरून ठेवायला ती उत्तम. तिच्यावरच व्हिडिओ एडिटिंग करू गेल्यास मात्र लिहिण्याचा वेग मध्येच कोसळतो. रोज बदलणाऱ्या फाइलींसाठी एसएमआर नसलेली डिस्क हवी, याचे हे एक ठोस कारण.

डिस्कवर फाइली मांडण्याच्या पद्धती वेगवेगळ्या असतात; विंडोज आणि मॅक दोन्हीकडे नेण्याची डिस्क एक्सफॅट पद्धतीत फॉरमॅट करावी. एनटीएफएस डिस्क मॅक वाचतो, पण मूळ सोयीत तिच्यावर लिहीत नाही. फॅट ३२ मध्ये ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. १ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसते, त्यात फसवणूक नाही : कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १,०२४ च्या.

आत की बाहेर हे ठरवण्याआधी त्या डिस्कवरची प्रत पहिली असणार की दुसरी, हे ठरवले पाहिजे. पुष्कळ लोक लॅपटॉप भरला की फोटो एक्स्टर्नलवर हलवतात, लॅपटॉपवरचे पुसतात आणि यालाच बॅकअप समजतात. प्रत एकच उरली, तीही पडण्याचा सर्वांत जास्त धोका असलेल्या डिस्कवर. जागा कमी पडत असेल आणि कॅबिनेटमध्ये साटा जोडणी मोकळी असेल, तर इंटर्नल डिस्क घ्यावी; ती पडत नाही, हरवत नाही. लॅपटॉपवाल्याला बाहेरचीच घ्यावी लागते, मग त्याने दोन घ्याव्यात. छायाचित्रकार पीटर क्रोघ यांनी रूढ केलेला ३-२-१ हा नियम याच कामाचा : तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या जागी.

बॅकअपची एक्स्टर्नल डिस्क कायम लावून ठेवू नये. संगणकात रॅन्समवेअर, म्हणजे खंडणी मागणारा घातक प्रोग्रॅम, शिरले तर ते जोडलेल्या प्रत्येक डिस्कवरच्या फाइली कुलूपबंद करते, आणि विजेचा झटका आला तर दोन्ही डिस्क एकदम जाऊ शकतात. कॉपी झाली की ती काढून कोरड्या जागी, कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुडीसह हवाबंद डब्यात ठेवावी. दर दोन-तीन महिन्यांनी जोडून पाच-दहा फाइली प्रत्यक्ष उघडून पाहाव्यात. नुसती फोल्डरांची नावे दिसली म्हणजे आतली माहिती शाबूत आहे असे होत नाही.