छापण्याआधी ऐकलेली पुस्तके

मोबाइलवर ऑडिओबुक मिळू लागल्यापासून एक प्रश्न वारंवार विचारला जातो : मराठीतली कोणती पुस्तके हातात घेऊन वाचण्यापेक्षा ऐकलेली बरी? याचे उत्तर बहुधा आवडीनिवडीवर किंवा निवेदकाच्या नावावर सोपवले जाते. माझ्या मते ते पुस्तकाच्या जन्मकथेत शोधायला हवे. जे लेखन आधी बोलले गेले आणि मागाहून कागदावर उतरले, किंवा लिहितानाच ज्याच्यासमोर श्रोता बसलेला होता, ते कानाला जितके भावते तितके डोळ्यांना भावतेच असे नाही. आणि मराठीत अशा लेखनाची परंपरा छापखान्याहून कितीतरी जुनी आहे.

ज्ञानेश्वरी शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, नेवाशात सांगितली गेली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली, असे ग्रंथाच्या शेवटी नमूद आहे. सांगणारा एक आणि लिहिणारा दुसरा, ही मराठीतल्या एका आद्य ग्रंथाची रचना आहे. त्यात श्रोत्यांना पदोपदी उद्देशून बोललेले आहे, आणि सहाव्या अध्यायात तर बोलातल्या रसाच्या लोभाने कानांनाच जिभा फुटतील आणि इंद्रियांत आपसांत भांडण लागेल, अशी कल्पना केलेली आहे. पुढे समर्थांनी दासबोधात नवविधा भक्तीचे दशक लिहिताना पहिला समास श्रवणाला दिला. श्रीधरस्वामींचे हरिविजय (1702), रामविजय (1703) आणि पांडवप्रताप (1712) हे ग्रंथ घरोघरी पोचले ते मुख्यतः चातुर्मासात लावलेल्या पोथीमुळे. ज्यांना अक्षरओळख नव्हती अशा असंख्य बायाबापड्यांना हे ग्रंथ प्रकरणवार ठाऊक होते.

पोथीची पद्धत बारकाईने पाहण्यासारखी आहे. एक जण ठरलेल्या चालीत ओवी वाचतो, त्या चालीत नाट्य जवळजवळ नसते. दुसरा थांबून अर्थ सांगतो, आणि तिथे मात्र आवाज चढतो, उतरतो, गावातल्या कोणाची तरी आठवण मध्येच येते. मजकूर सपाट वाचायचा की रंगवायचा, या आज ऑडिओबुकवाल्यांना छळणाऱ्या प्रश्नावर पोथीने कामाची वाटणी करून तोडगा काढलेला होता. कीर्तनाने दुसरी वाट धरली; तिथे वाचणारा, गाणारा आणि नटणारा हे तिघे एकाच माणसात एकवटले.

ध्वनिमुद्रित पुस्तकाचा इतिहास मात्र आपल्याकडचा नाही आणि तो करमणुकीतूनही सुरू झालेला नाही. एडिसनने 1877 साली फोनोग्राफ तयार केला आणि पुढच्याच वर्षी त्याच्या उपयोगांची जी यादी मांडली, तिच्यात अंधांसाठी बोलकी पुस्तके होती. अडचण होती ती वेळेची. त्या काळच्या तबकडीची एक बाजू चारपाच मिनिटांत संपत असे, त्यामुळे एक कादंबरी ऐकायची तर तबकड्यांची चळत लागली असती. पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेले सैनिक परतले आणि हा प्रश्न निकडीचा झाला, कारण प्रौढ वयात ब्रेल शिकून बोटांनी भरभर वाचणे बहुतेकांना जमत नव्हते. अखेर अमेरिकेत 1934 साली आणि ब्रिटनमध्ये 1935 साली अंधांसाठी बोलक्या पुस्तकांची ग्रंथालये सुरू झाली. ब्रिटिश तबकडी मिनिटाला केवळ 24 फेरे घेई आणि तिच्या एका बाजूवर सुमारे 25 मिनिटांचे वाचन मावत असे, म्हणजे साधारण दहा तबकड्यांत कादंबरी बसे. तिथल्या पहिल्या पुस्तकांत जोसेफ कॉनरॅडची सागरकथा ‘टायफून’ आणि अगाथा ख्रिस्तीची ‘द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड’ होती.

या ग्रंथालयांत दोन वाद सुरुवातीपासून होते. ऐकायला मिळाले की ब्रेल मागे पडेल, हा एक. दुसरा निवेदकाचा : त्याने पात्रांचे आवाज काढावेत की नाही? अनेक अंध वाचकांचे म्हणणे असे, की आम्हाला पुस्तक हवे आहे, नाटक नको. पात्र कसे बोलत असेल हे आम्ही ठरवू. ही मागणी मला फार मोलाची वाटते. ऑडिओबुकचा सगळ्यात जाणता श्रोता पहिल्या दिवसापासून संयमाच्या बाजूने उभा होता, हे आजच्या पुष्कळ निवेदकांना कोणीतरी सांगायला हवे.

डोळस ग्राहकासाठीचा व्यापार नंतर आला. 1948 साली जास्त वेळ चालणारी एलपी तबकडी आली आणि 1952 साली न्यूयॉर्कमध्ये बार्बरा कोहेन आणि मॅरिअ‍ॅन रोनी या नुकत्याच महाविद्यालयाबाहेर पडलेल्या दोन तरुणींनी कॅडमन ही कंपनी काढून डिलन टॉमस या कवीचे वाचन ध्वनिमुद्रित केले. तबकडीची दुसरी बाजू भरायला कविता कमी पडल्या, म्हणून टॉमसने नाताळच्या आठवणींचा एक जुना गद्य लेख वाचला. लोकांनी तबकडी विकत घेतली ती प्रामुख्याने त्या लेखासाठी. फिलिप्सची कॅसेट 1963 ची. 1975 साली कॅलिफोर्नियात ड्यूव्हॉल हेक्ट या गृहस्थाने, रोजच्या मोटारप्रवासातल्या कंटाळ्यावर उपाय म्हणून, टपालाने कॅसेटपुस्तके भाड्याने देण्याचा धंदा सुरू केला. पुढे 1995 साली ऑडिओबुक विकणारी ऑडिबल ही कंपनी स्थापन झाली आणि 2008 साली ती अ‍ॅमेझॉनकडे गेली. हा भाग सर्वपरिचित आहे, म्हणून इथे थांबत नाही.

महाराष्ट्रात याच काळात वेगळेच काही घडत होते. आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून 1 एप्रिल 1955 पासून वर्षभर दर आठवड्याला एक याप्रमाणे ग. दि. माडगूळकरांचे आणि सुधीर फडक्यांचे गीतरामायण प्रसारित झाले. छप्पन्न गीतांच्या त्या मालिकेच्या वेळी लोक रेडिओला हार घालत, ही आठवण जुन्या पिढीकडून अनेकांनी ऐकली असेल. गीतरामायणाला ऑडिओबुक म्हणता येणार नाही, हे खरे. परंतु दीर्घ कथा हप्त्याहप्त्याने, ठरल्या वेळी, घरातल्या सगळ्यांनी मिळून ऐकायची ही सवय पोथीची होती आणि रेडिओने ती जशीच्या तशी उचलली.

साठच्या दशकात व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार या तिघांनी कथाकथनाचे कार्यक्रम गावोगाव नेले. हातात कागद न घेता, उभे राहून, आपलीच छापलेली कथा सांगायची. ‘माझ्या बापाची पेंड’ किंवा ‘धिंड’ या कथा पुस्तकात वाचताना हसू येते, पण सांगताना त्यांतले संवाद आपापल्या गावची बोली बोलू लागतात. व. पु. काळ्यांनी शहरी मध्यमवर्गाची कथा याच मार्गाने श्रोत्यांसमोर आणि पुढे कॅसेटवर आणली. लक्ष्मण देशपांड्यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ मध्ये एकट्याने बावन्न पात्रे उभी केली, आणि तो मजकूर छापील रूपात वाचणाऱ्याला काहीतरी हरवल्यासारखे का वाटते हे प्रयोग ऐकलेल्याला सांगावे लागत नाही.

पु. ल. देशपांड्यांचे उदाहरण माझ्या विधानाला थोडे आडवे जाते, म्हणून ते टाळता येत नाही. ‘बटाट्याची चाळ’ आधी पुस्तक झाली आणि 1961 साली रंगमंचावर एकपात्री प्रयोग म्हणून आली, म्हणजे इथे छपाई पहिली. तरीही ते गद्य मुळात बोललेलेच आहे. वाक्याचा शेवट कुठे खाली सोडायचा हे लिहितानाच ठरलेले दिसते. ‘अंतू बर्वा’ घ्या. रत्नागिरीचा अनुनासिक हेल, शब्द संपल्यावरचा तो छोटा कोरडा विराम, आणि त्या विरामातच दडलेले म्हाताऱ्याचे एकाकीपण, यांतले देवनागरीत फार थोडे उतरते. आपली लिपी या बाबतीत कंजूषच आहे : ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘जग’ म्हणजे जगत राहा, लिहायला एकच आणि उच्चारायला दोन. ‘म्हैस’ मध्ये एस. टी.समोर म्हैस आडवी येते आणि मग बसमधला एकेक उतारू तोंड उघडतो. पानावर कोण बोलले हे वाचून कळते, कॅसेटमध्ये पहिल्या दोन अक्षरांतच कळते. नव्वदच्या दशकात या कथनांच्या कॅसेट घरोघर होत्या आणि फीत अडकली की पेन्सिल घालून चक्री फिरवण्याचे काम मुलांकडे असे.

ऐकण्यासारख्या पुस्तकांच्या यादीत मी आणखी दोन नावे आग्रहाने घालीन. बहिणाबाई चौधरींना लिहितावाचता येत नव्हते. त्यांची गाणी दुसऱ्यांनी उतरवून घेतली आणि त्यांच्या मृत्यूनंतर, 1952 साली, पुस्तकरूपाने आली. लेवा गणबोलीचे उच्चार ज्याच्या जिभेवर आहेत अशा खानदेशी आवाजात ती ऐकणे आणि पुण्यामुंबईच्या प्रमाण उच्चारांत ती वाचणे यांत फार अंतर आहे. दुसरे ‘श्यामची आई’. साने गुरुजींनी हे पुस्तक 1933 च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहून काढले, आणि त्याच्या प्रकरणांना ‘रात्र’ म्हटले आहे, कारण श्याम आश्रमातल्या सोबत्यांना रोज रात्री एक आठवण सांगतो. एका बैठकीला एक रात्र, हे माप लेखकानेच घालून दिलेले आहे. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो; गुरुजी 1950 साली गेले, त्यामुळे 2011 पासून हे पुस्तक कोणालाही वाचून प्रसारित करता येते, आणि त्याची इतकी बरीवाईट ध्वनिमुद्रणे का सापडतात याचे कारण तेच आहे.

स्टोरीटेल ही स्वीडिश कंपनी 2017 च्या अखेरीस भारतात आली तेव्हा तिने इंग्रजी आणि हिंदीच्या जोडीला मराठी निवडली. त्यानंतर रंगभूमीवरचे आणि आकाशवाणीवर मुरलेले आवाज या कामाकडे वळले, आणि मोठमोठ्या कादंबऱ्या पूर्ण लांबीने ऐकायची सोय झाली. ‘मृत्युंजय’ सारखी कादंबरी, जिच्यात कर्ण, कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली आणि कृष्ण आपापल्या तोंडून कथा सांगतात, ती या माध्यमासाठीच बेतल्यासारखी आहे. उलट तळटीपा, वंशावळी आणि नकाशे यांवर उभे असलेले इतिहासग्रंथ कानांना झेपत नाहीत. मागे जाऊन ओळ पुन्हा पाहण्याची सोय तिथे हवीच.

या सगळ्यात ज्यांच्यामुळे बोलके पुस्तक जन्मले ते वाचक मागे पडू नयेत, यासाठी 2012 च्या स्वामित्वहक्क दुरुस्तीने दृष्टिहीनांकरिता पुस्तकाचे वाचनसुलभ रूप तयार करण्याची मोकळीक दिली, आणि याच विषयावरच्या 2013 च्या माराकेश कराराला मान्यता देणारा पहिला देश 2014 साली भारतच ठरला. मुंबईत 1952 साली स्थापन झालेल्या नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडसारख्या संस्थांसाठी स्वयंसेवक वर्षानुवर्षे पाठ्यपुस्तके वाचत आले आहेत. त्यांत आकृतीचे वर्णनही शब्दांत करावे लागते, आणि ते काम कादंबरी रंगवण्यापेक्षा अवघड असते.

अ‍ॅपमध्ये वाचनाचा वेग दीडपट करण्याची सोय असते आणि काहींत मधली शांतता आपोआप गाळलीही जाते. बातम्यांना ते ठीक आहे. अंतू बर्व्याला लावून पाहिले तर वाक्ये सगळी उरतात आणि अंतू नाहीसा होतो. आमच्या घरी तीच कथा आता मोबाइलवर लागते, सलग, कुठेही न थांबता. तरी कॅसेटची बाजू जिथे संपायची तिथे आजही कोणीतरी ‘पालट आता’ म्हणतेच.